आजोबांच्या धोतर-पटक्याची गोधडी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळी माहिती

घरातलं म्हातारं माणूस गेलं की कपड्यांचा प्रश्न दहाव्या-तेराव्यालाच येतो, आणि तेव्हा कुणाचंच डोकं जाग्यावर नसतं, मग एकतर सगळं गठ्ठा बांधून देऊन टाकतात नाहीतर ट्रंकेत कोंबून माळ्यावर. मी माझ्या आजोबांच्या धोतर, बंड्या आणि पटक्यातून भिंतीवर लावायची गोधडी केली, त्यावर आमच्या रानाचा नकाशा टाक्यांनी काढला आणि खाली घराण्यातली नावं भरली. आम्ही कराडकडचे, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण पद्धत कुठल्याही घराला चालेल. हे करताना शिवणकामाची माहिती कुणीही देतं, पण जुनं कापड कसं हाताळायचं, नकाशा कुठून काढायचा, नावं कुठं सापडतात हे एका जागी कुणी सांगत नाही म्हणून सगळं लिहितेय.

आधीच एक सांगते. ही गोष्ट देखणी झालीच पाहिजे असं डोक्यात ठेवून करायला घेऊ नका. ती त्या एका माणसाची ओळख पटेल अशी झाली पाहिजे. रफू, कॉलरची झीज, बंडीच्या आतला चोरखिसा हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं, तेच तर खरं आहे.

१. कात्रीच्या आधी घरातल्यांशी बोला

पहिला मान आजीचा. आजी असेल तर तिला विचारल्याशिवाय एका बंडीलाही हात लावू नका. बऱ्याच घरात गेलेल्या माणसाचे कपडे ठेवू नयेत असं मानतात, काहींना वर्षश्राद्ध होईपर्यंत काही करायचं नसतं, ते पाळा. वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही, कपडे फक्त कोरडे आणि सुरक्षित ठेवा म्हणजे झालं. आजी नसेल तर चुलते, आत्या, सगळ्यांना एकदा फोन करा. आत्याला तर नक्कीच, कारण लेकींना बापाच्या वस्तूतलं सहसा काही मिळत नाही आणि त्यांच्याकडंच सगळ्यात जास्त आठवणी असतात.

एक नियम मी सगळ्यांना सांगते, किमान एक पूर्ण पोशाख न कापता तसाच ठेवायचा. धोतराचं एक पान, एक सदरा किंवा बंडी, टोपी किंवा पटका. पुढं कुणाला तरी तो बघावासा वाटणारच.

कपडे आधीच देऊन टाकले असतील तर नाराज होऊ नका. बाजाराची पिशवी, उपरणं, टॉवेल, चंची (पान-सुपारीची कापडी पिशवी), छत्रीचं कापड, वारीतली पताका, असं काही ना काही कुठल्या तरी पाहुण्याकडं निघतंच. आजोबा गिरणीत होते, जमीन नव्हती, तरी हेच सगळं लागू पडतं. रानाच्या नकाशाऐवजी चाळीतल्या खोलीचा नकाशा काढा, ते साचे खात्यात (विणकाम) होते का त्रासन खात्यात (सूतकताई), पाळी कुठली होती, गिरणीचा पास आहे का हे शोधा. १९८२ च्या संपाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या.

२. लागणाऱ्या गोष्टी

सामान असं:
- आजोबांचे कपडे, शक्यतो सुती
- मधल्या थरासाठी आजीचं जुनं मऊ लुगडं
- मागच्या अस्तराला धुतलेलं साधं सुती कापड, आणि फाटायला आलेल्या तुकड्यांना आधार द्यायला मलमल
- जाड सुती दोरा, लांब सुया, अंगुस्तान, टेलर चॉक, बटर पेपर, चांगली धार असलेली कात्री
- रिठे

कागद असे:
- सातबारा किंवा आठ-अ, गट नंबर कळण्यापुरता
- गटाचा नकाशा
- आजोबांची सही किंवा अंगठा असलेला कुठलाही कागद (पासबुक, सोसायटीची पावती, जुनं खरेदीखत)
- शाळेचा दाखला, जुने फोटो, लग्नपत्रिका

नायलॉनचा दोरा घेऊ नका. तो कापडापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे जुनं सूत त्याच्यावर घासून कापलं जातं आणि चार-पाच वर्षांनी टाक्यांच्या ओळीतच कापड फाटतं.

३. आठवणी आधी गोळा करा, शिवण नंतर

ह्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. कापड ट्रंकेत अजून दहा वर्षं टिकेल, पण आजोबांच्या वयाची माणसं थांबणार नाहीत. त्यांचे भाऊबंद, पैऱ्याचे सोबती (एकमेकांच्या रानात आलटून पालटून काम करणारे), वारीतली मंडळी, तालमीतले जोडीदार, जो कोण असेल त्याच्याकडं जाऊन बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, पण आधी विचारून.

"आजोबांबद्दल काहीतरी सांगा" असं विचारलं की सगळे एकच सांगतात, फार कष्टाळू होते, कुणाच्या अध्यात मध्यात नव्हते. ह्याच्यावर गोधडी होत नाही. वस्तू हातात देऊन विचारा. ही बंडी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं की हा आतला खिसा कशाला, की मग बैलबाजाराची गोष्ट निघते, पैसे कुठं ठेवायचे, कुठल्या बाजाराला चालत जायचे, कुणाबरोबर जायचे. पटका दाखवला की तो कुणाच्या लग्नात घेतला ते निघतं. रानाबद्दल विचारताना बांधावर उभं राहून विचारा. विहीर कुणी पाडली, पाणी किती हातावर लागलं, आंबा कुणी लावला, ताल (उतारावरचा बांध) कधी घातली. आणि बायकांना वेगळं विचारा, पुरुष समोर असले की त्या गप्प बसतात आणि घरातल्या खऱ्या गोष्टी त्यांनाच माहीत असतात.

४. घराण्यातली नावं कुठं मिळतात

पणजोबांच्या मागं नावं माहीत नसणं अगदी कॉमन आहे. शोधायच्या जागा अशा.

तीर्थाच्या ठिकाणचे उपाध्ये. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या उपाध्यांकडं पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात, पूर्वी कोण आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं ह्याच्या नोंदी. जाताना मूळ गाव, तालुका, आडनाव आणि किमान दोन पिढ्यांची नावं घेऊन जा. मूळ गाव महत्त्वाचं, तुम्ही आत्ता राहता ते नाही. तुमच्या गावाचा उपाध्या कोण हे तिथं विचारत विचारतच कळतं. दक्षिणा आधी बोलून घ्या आणि नोंदीचा फोटो काढायला परवानगी मागा. तुमची आत्ताची पिढीही त्या वहीत लिहून या.

हेळवी. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात आणि पलीकडं कर्नाटकात हेळवी घरोघरी येऊन वंशावळ वाचतात, पूर्वी नंदीवर बसून यायचे. तुमच्या घराचा हेळवी कुठल्या गावचा हे भावकीतल्या जुन्या माणसाला माहीत असतं.

तहसील आणि शाळा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात आणि प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरला आजोबांचं, चुलत आजोबांचं नाव सापडतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी कागदपत्रं स्कॅन करून आपापल्या वेबसाइटवर टाकली, गावाप्रमाणे चाळून बघा. जुने फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी) "आपले अभिलेख" पोर्टलवर बऱ्याच तालुक्यांचे मिळतात, आणि वारसाचा फेरफार सापडला तर त्यात एका झटक्यात एक पिढी उलगडते.

इथं एक मोठी अडचण येते, जुनं सगळं मोडी लिपीत असतं. अंदाजाने वाचू नका. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा फरक नसतो, अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात, नाव सहज चुकतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे (१९१० पासून), शिवाय राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, त्यातून शिकलेली माणसं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, त्यांच्याकडून पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या.

आणि जे सापडेल त्यात फक्त पुरुषांची नावं असतील ह्याची तयारी ठेवा. वहीत बायका क्वचित असतात. पणजी, खापरपणजी यांची नावं आणि त्यांची माहेरं तोंडी विचारूनच मिळवायला लागतात. मी ती मिळवली आणि गोधडीवर भरली, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्याशिवाय घराण्याची कुठलीही कलाकृती अर्धी आहे.

५. रानाचा नकाशा

"महाभूनकाशा" साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की गटाची आकृती दिसते, तिचा प्रिंट घ्या. साइटवर गाव नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून नक्कल मिळते.

लोक फसतात ते नंबरात. जुन्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर असतो आणि आत्ताच्या सातबाऱ्यावर गट नंबर, आणि दोन्ही वेगळे. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, पुढं त्याच्यातून गावोगाव गट पडले आणि नंबर बदलले. जुना सर्व्हे नंबर आताच्या नकाशात टाकला तर दुसऱ्याच कुणाचं रान निघेल. त्यासाठी एकत्रीकरण योजनेचा उतारा मागा, त्यात जुना नंबर आणि नवा गट दोन्ही असतात.

वाटण्या झाल्या असतील तर आत्ताचे तुकडे न काढता आजोबांच्या काळातलं सलग रान काढा. ह्याच्यावरून घरात वाद नको असेल तर सगळ्यांना आधी सांगा की हा मोजणीचा नकाशा नाही, ही आठवण आहे. ज्यांची गावं कोयना, उजनी अशा धरणात गेली त्यांच्यासाठी तर हे काम फार मोलाचं आहे. जुने गावनकाशे किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे शोधा आणि गाव पाहिलेल्या माणसाला घेऊन बसा, मारुतीचं देऊळ कुठं, पाणवठा कुठं, तो बोटानं दाखवत जाईल तसं काढत जा.

६. कपडे धुणं आणि निवडणं

प्रत्येक कपड्याचा पुढून-मागून फोटो काढा, मगच पुढचं.

पटक्याचा आणि रंगीत काठाचा रंग जातो का बघायला पांढरं ओलं फडकं एका कोपऱ्यावर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा पाण्यात घालू नका, फक्त सावलीत वारं द्या आणि मऊ ब्रशने धूळ काढा, आणि गोधडीत तो घेतला तर ती गोधडी पुढं कधीच धुवायची नाही हे लक्षात ठेवा. बाकी सगळं रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, चादरीवर पसरून सावलीत वाळवा. मशीन नको, ब्लीच नको, नीळ नको, आणि खळ तर अजिबात नको कारण खळीच्या कपड्याला कसर लागते. ट्रंकेच्या गंजाचे डाग लिंबू-मीठ लावून काढायला जाऊ नका, आंबटाने जुनं सूत कमजोर होतं, डाग राहू द्या.

कापड सुती आहे का टेरिकॉट हे कळत नसेल तर शिवणीतला एक धागा काढून पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख राहते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. टेरिकॉटचे शर्ट वापरायला हरकत नाही, साठ-सत्तरच्या दशकात शहरात नोकरी केलेल्या आजोबांचे तेच असतील, फक्त इस्त्री कमी गरम ठेवा. घोंगडं मात्र गोधडीत घेऊ नका. लोकर पाण्यात आटते आणि तिच्यावरची कीड वेगळी असते, ते स्वतंत्रच ठेवा.

मग ताकद बघा. कापड दोन्ही हातांनी हलकं ताणा. चरचर आवाज आला किंवा घडीच्या रेषेवर विरलं तर त्याला खालून मलमल टाचा, फारच विरलेलं असेल तर नुसतं मधल्या थरात घाला. दिसणार नाही, पण आत असेल.

७. मांडणी

पहिल्यांदा करताय तर ३ फूट बाय ४ फुटाच्या वर जाऊ नका. धोतराचा पन्हा (रुंदी) साधारण ४५ ते ५० इंच असतो, त्यामुळे एका पानातून वरचा पूर्ण थर निघतो, जोड देत बसायला लागत नाही. पांढऱ्या धोतरावर बंडीचे, सदऱ्याचे तुकडे शेतांच्या जागी, पटक्याची पट्टी ओढ्याच्या किंवा पांदीच्या (शेतांमधल्या वाटेच्या) जागी, धोतराचा काठ खाली नावांच्या ओळीला. खिसा पूर्ण ठेवा, बटणं ठेवा.

नकाशा प्लॅन प्रिंट करतात तिथून हव्या त्या मापात मोठा करून घ्या. कापडावर उतरवायला टेलर चॉक. कार्बन पेपर आणि पेन नको, ती रेघ निघत नाही.

८. शिवण

फरशी स्वच्छ पुसून अस्तर ताणून पसरा, त्यावर आजीचं लुगडं, त्यावर धोतर, कोपऱ्यांवर वजनं ठेवा. सगळ्या थरांतून हातभर अंतरावर कच्चा टाका घाला म्हणजे थर सरकत नाहीत. ह्याच्यात घाई केली की मागं चुण्या पडतात आणि त्या शेवटी कळतात.

मग साधा धावदोरा, ज्वारीच्या दाण्याएवढा टाका. आपल्याकडच्या बायका गोधडी कडेपासून धरतात आणि आत आत येतात, नकाशाच्या गोधडीला ही पद्धत फार छान बसते, कारण आधी शिवेचा बांध होतो, मग आतले बांध, मग ताली, आणि शेवटी विहीर. नांगरटीची दिशा लक्षात असेल तर शेतातले टाके त्याच दिशेने घाला. दोरा गाठ मारून बाहेर सोडू नका, गाठ थरात ओढून घ्या.

गल्लीत गोधड्या शिवणारी बाई असेल तर पहिले दोन दिवस तिच्याशेजारी बसा, व्हिडिओत हाताचा ताण कळत नाही. पूर्ण काम बचत गटाकडं द्यायचं असेल तरी द्या, त्यात कमीपणा नाही, पण कपडे कापून मांडणी टाचून द्या आणि "मशीन मारू नका" हे दोनदा सांगा. मशीनच्या जवळ जवळ टाक्यांनी जुन्या कापडाला भोकांची ओळ पडते. आत पॉलिस्टरचा फायबर भरू द्यायचा नाही, गोधडी फुगते आणि नकाशा दिसत नाही.

९. सही, अंगठा आणि नावं

आजोबांची सही मोठी करून बटर पेपरवर काढा, कागद कापडावर टाचा, कागदातूनच उलट्या टाक्याने भरा आणि नंतर कागद हळूच फाडून काढा. हात थरथरल्याच्या रेघाही तशाच भरा.

आजोबांना सही येत नसेल तर जुन्या कागदावर "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" असेल. तो चांगल्या रिझोल्युशनला स्कॅन करून वीतभर मोठा करा आणि त्याच्या रेषा टाक्यांनी काढा. माझ्या पणजोबांचा अंगठा मी असाच भरला आणि घरातल्या सगळ्यांची नजर पहिल्यांदा तिथंच जाते.

नावं मोडीत भरायची असतील तर फॉन्ट मिळतात, मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट आहे. पण छापून झाल्यावर मोडी येणाऱ्याला दाखवा, मगच भरायला घ्या. मोडी लिहिताना पानभर रेघ आधी ओढायचे आणि अक्षरं तिला लटकवत जायचे, तुम्हीही रेघ आधी भरा, ओळ वाकडी होत नाही. आणि खाली देवनागरीतही भरा, नाहीतर घरातली पुढची पोरं काही वाचू शकणार नाहीत.

सातबारा, खरेदीखत, सही यांचे फोटो कामाच्या कौतुकात स्टेटसला टाकू नका. त्याच्यावर जिवंत वारसांची नावं आणि जमिनीचे नंबर असतात.

१०. लावणं आणि सांभाळणं

मागं वरच्या कडेला ४ इंचाची कापडी नळी शिवा आणि त्यातून लाकडी दांडा घाला. खिळे, चिमटे, फेविकॉल काही नको. उन्हाची आणि बाथरूमच्या पलीकडची भिंत टाळा, पावसाळ्यात ओल तिथंच धरते. काचेच्या फ्रेममध्ये बसवणार असाल तर काच कापडाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी घालायला सांगा, कोकणात आणि मुंबईत तर हे पाळाच. काढून ठेवायची झाली तर घडी न घालता जाड नळीवर सुती चादर गुंडाळून त्यावर गुंडाळा. डांबरगोळ्या कापडाला लागून ठेवू नका.

परदेशात राहत असाल तर कपडे इथंच धुऊन, पूर्ण वाळवून, फोटो काढून मगच न्या, आणि आठवणी रेकॉर्ड करायचं काम गावाकडच्या चुलत भावंडांना वाटून द्या, ते काम खंडांपलीकडूनही होतं.

मागच्या अस्तरावर एक कापडी चिठ्ठी शिवा. आजोबांचं पूर्ण नाव, गाव, जन्म-मृत्यूचं साल, कुठला तुकडा कशाचा, कुणी शिवलं, गोष्टी कुणी सांगितल्या. साल पक्कं नसेल तर "सुमारे" लिहा. उरलेल्या चिंध्या टाकू नका, बांधाच्या आकाराचे वीतभर तुकडे शिवून आत्यांना आणि चुलत भावंडांना द्या, प्रत्येकाच्या मागं तीच चिठ्ठी.